टेबलावर ठेवलेले आवाज

संगणक गेला तेव्हा दप्तरीकाका चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून तळाला गेलं. ते चमच्याने शोधेपर्यंत समोरचा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एकच ओळ उमटली. ओळीचा अर्थ साधारण असा, की मला चालवणारं जे काही माझ्या पोटात होतं, ते मला सापडत नाही. काकांनी आधी बिस्किट वाचवलं. हाताजवळचं बुडत असलं की दूरचं बुडतंय हे कोणाच्या लक्षात येतं!

दप्तरी हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सगळी नोकरी सरकारी दप्तरखान्यात झाली म्हणून गल्लीने ते नाव चिकटवलं, आणि काकांनीही ते एखाद्या पदकासारखं मिरवलं. त्यांच्या कारकिर्दीत एक कागद गहाळ झाला नाही. साहेब बदलले, मंत्री बदलले, छताला ओल आली, उंदरांच्या कित्येक पिढ्या येऊन गेल्या. कागद जिथल्या तिथे. दप्तरखान्याचा नियम त्यांच्या हाडात मुरला होता. कागद जीर्ण झाला की त्याची नक्कल करायची, नक्कल मुळाशी ताडून बघायची, जुळली की सही ठोकायची आणि मूळ नष्ट करायचं. दोन प्रती कधीही ठेवायच्या नाहीत. "दोन प्रती ठेवल्या की आज ना उद्या त्यांच्यात फरक निघतो," काका सांगत, "आणि फरक निघाला की पाठोपाठ वकील येतो."

त्या संगणकात काकांचं स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. जे होतं ते बाईंचं.

बाई म्हणजे काकांची बायको. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची बालवाडी भरायची. अर्ध्या गल्लीने चड्डीची नाडी बांधायला तिथे शिकलं, त्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणत, आणि संगतीने काकाही म्हणत. बाईंना एक नाद होता. वर्ग सोडून मोठ्या शाळेत निघालेल्या प्रत्येक मुलाला त्या समोर बसवत, टेपरेकॉर्डरचं बटण दाबत आणि गाण्याची एक ओळ म्हणत. दुसरी ओळ मुलाने म्हणायची. पाठ केलेली नाही, त्या क्षणी मनात येईल ती.

बाई म्हणत, "पावलांना माझ्या फुटली पिसं..." आणि एखादी नाक वाहणारी पोर म्हणे, "आईने कापली, आता उडू कसं?"

बाई म्हणत, "नदीच्या मनात काय गं असतं?" आणि पलीकडून येई, "पाणीच असतं, दुसरं काय नसतं!"

असा एकेक आवाज जमत गेला. पुढे कॅसेटी चिकटायला लागल्या तेव्हा काकांनीच त्या एकेक करून संगणकात उतरवल्या, ऐकून ताडून बघितल्या आणि नियमाप्रमाणे मूळ कॅसेटी नष्ट केल्या. बाई तेव्हा कुरकुरल्या होत्या. काका म्हणाले होते, "अगं, दोन प्रती कशाला?"

आता गुडघे ऐकेनासे झाले म्हणून बाईंनी बालवाडी बंद करायची ठरवली होती. येत्या रविवारी सगळ्या जुन्या मुलांना घरी बोलावलं होतं. मुलं म्हणजे आता कोणाला टक्कल, कोणाला चष्मा, कोणाला स्वतःचीच पोरं. फोनवर बाई प्रत्येकाला एकच वाक्य सांगत, "ये रे. तुझी दुसरी ओळ माझ्याकडे राहिलीय, ती घेऊन जा."

आणि त्या सगळ्या दुसऱ्या ओळी पोटात घेऊन संगणक काळा पडला होता.

"अहो, काय झालं त्याला?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. दमलाय," काका म्हणाले.

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. पहिला आला तळमजल्यावरचा केमिस्ट. औषधं विकून विकून त्याला जगातली प्रत्येक वस्तू पेशंट वाटायची. त्याने संगणकाच्या पेटीवर हात ठेवून ताप बघितला.

"काका, गरम लागतंय. याला गारवा द्या. मी ऐकलंय, आतली डिस्क काढून फ्रीजरमध्ये ठेवली की शुद्धीवर येते."

"फ्रीजरमध्ये?"

"प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. ओलं होता कामा नये."

काकांनी खरोखरच फ्रीजर रिकामा करायला घेतला. बाईंनी बाहेर काढलेले बर्फाचे ट्रे बघितले, मग काकांकडे बघितलं, आणि एक अक्षर न बोलता ट्रे परत आत ठेवले. काकांचा स्वाभिमान तिथे पहिल्यांदा दुखावला. संसारात न बोलता फेटाळलेल्या सूचनेइतकं लागणारं दुसरं काही नसतं.

मग वरून चिरंजीवकाका उतरले. ते बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा संगणकाच्या कंपनीत, दूरच्या शहरात. त्यांचं प्रत्येक वाक्य "आमचे चिरंजीव म्हणतात" असं सुरू व्हायचं, म्हणून हे नाव. आज पाऊस पडेल का असं विचारलं तरी आमचे चिरंजीव म्हणतात पडेल.

"आमचे चिरंजीव म्हणतात," चिरंजीवकाका खुर्चीत बसत म्हणाले, "घरी काहीही करायचं नाही. सरळ कंपनीच्या सेवा केंद्रात न्यायचं."

दप्तरीकाकांना हे पटलं. कंपनी म्हणजे एक प्रकारचं कार्यालय, आणि कार्यालयात कसं वागायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, पेटी रिक्षात मांडीवर घेऊन ते गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती.

"पावती आहे का काका?"

हा प्रश्न ऐकायला काका जणू वर्षानुवर्षं थांबले होते. त्यांनी फाईल उघडली. आत पावती. नुसती पावती नव्हे, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेली.

मुलीने ती उलटीसुलटी केली. "काका, मागच्या बाजूला शिक्का मारावा लागतो. प्लॅस्टिकवर बसत नाही."

"मग प्लॅस्टिक काढा."

"ओरिजिनल कागदाला आम्ही हात लावत नाही. तुम्ही काढून आणा ना."

"अहो, आत गेलेला कागद बाहेर येतो का कधी?"

"दुसऱ्यांच्या येतात की. दुसरे लॅमिनेट करत नाहीत." मग तिलाच वाईट वाटलं असावं. ती म्हणाली, "आणि काका, आत काही महत्त्वाचं असेल तर आधी काढून घ्या हं. आम्ही डिस्कच बदलतो. जुनी परत मिळत नाही."

घरी येऊन काकांनी केमिस्टकडचं स्पिरिट, ब्लेड आणि उरलासुरला धीर घेऊन प्लॅस्टिक सोडवलं. सुटलं. फक्त शाई प्लॅस्टिकसोबत गेली आणि हातात एक स्वच्छ, कोरा, शिक्का मारायला उत्तम असा कागद राहिला. काका त्याच्याकडे बराच वेळ बघत बसले. जपून ठेवलेली वस्तू इतकी जपावी, की ती वापरताच येऊ नये, हा हलगर्जीपणाचाच एक प्रकार असेल का, असा एक वाईट विचार त्यांच्या मनात डोकावला. त्यांनी तो लगेच फाईल बंद करून आत टाकला.

वॉरंटी गेली. पण मुलीचं एक वाक्य मात्र काकांच्या मनात राहिलं. आधी काढून घ्या.

"काढायचं कसं, तो सुरूच होत नाही तर?" त्यांनी जिन्यात चिरंजीवकाकांना गाठून विचारलं.

चिरंजीवकाकांनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. मान हलवली, पुन्हा हलवली, आणि फोन ठेवून विजयी मुद्रेने म्हणाले, "रेस्क्यू डिस्क! आमचे चिरंजीव मागच्या वेळी आले होते तेव्हा एक करून ठेवलीय त्यांनी माझ्या कपाटात. म्हणजे असं बघा, घरमालक बेशुद्ध पडलाय आणि दाराला आतून कडी आहे. मग बाहेरचा माणूस बोलवायचा. तो खिडकीतून आत उतरतो, सामान बाहेर काढून देतो. घरमालकाला उठवायची गरजच नाही."

"म्हणजे चोर."

"चांगला चोर."

दुपारी दोघे संगणकापुढे बसले. तबकडी घालायचा कप्पा उघडेना. वापरच नव्हता, रुसला होता. बाईंनी केसातला आकडा काढून दिला. तो एका बारीक भोकात खुपसल्यावर कप्पा जीभ काढल्यासारखा बाहेर आला. तबकडी आत गेली. मग खरी परीक्षा होती. संगणक सुरू होत असताना नेमक्या क्षणी एक बटण दाबायचं, म्हणजे तो स्वतःच्या पोटात न बघता तबकडीकडे बघतो.

"आता दाबा!" चिरंजीवकाका ओरडले.

"कोणतं?"

"वरच्या ओळीतलं शेवटचं!"

"दाबलं!"

"उशीर झाला. परत."

परत.

"आता लवकर दाबलंत तुम्ही."

"तुम्हीच म्हणालात दाबा!"

"मी म्हटलं, मी दाबा म्हणेन तेव्हा दाबा. दाबा म्हटलं नव्हतं."

बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "मी दाबू का?" त्या म्हणाल्या. दोघांनी एका सुरात नाही म्हटलं. अखेर दोघांनी मिळून बटणावर बोटं रोवूनच ठेवली आणि केव्हातरी, कोणाच्या पुण्याईने कोण जाणे, तबकडी गरागरा फिरायला लागली. जात्याची घरघर असावी तसा आवाज खोलीत भरला. पडद्यावर इंग्रजीचा एक चौकोन आला. त्यात बरंच काही लिहिलेलं होतं. काका चष्मा शोधत होते, तेवढ्यात चिरंजीवकाकांनी "हे असतंच" म्हणत पुढे जायचं बटण दाबून टाकलं.

आणि मग निळं आभाळ उगवलं.

अनोळखी, स्वच्छ निळा पडदा. कोपऱ्यात मोजकी चित्रं. दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून उतरावं तसं काकांना वाटलं. सगळं टापटीप, पण चहाची भांडी कुठे आहेत ते ठाऊक नाही. चाचपडत चाचपडत त्यांनी एक चित्र उघडलं, त्यातून दुसरं, त्यातून तिसरं. आणि तिथे, त्या बेशुद्ध घरमालकाच्या माजघरात, बाईंचं कपाट जसंच्या तसं उभं होतं. एकेका मुलाच्या नावाने एकेक आवाज.

काकांनी एक उघडला.

"चांदोबाच्या घरी कोण गं गेलं?" आतून बाईंचा आवाज आला. तरुण, खणखणीत.

मग थोडी खरखर. नाक ओढल्याचा आवाज. मग एक बारीक, ठाम स्वर, "माझ्या मामाचं कुत्रं, त्यानं बूट नेलं."

बाई ओल्या हातांनी धावत आल्या. हात पुसायचंही भान नव्हतं. पदरावर पाणी ठिबकत होतं आणि त्या हसत होत्या. "अहो, ही तर आता डॉक्टर झालीय. कुत्र्यांचीच!" चिरंजीवकाकांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं. काकांना वाटलं, आपण आयुष्यात केलेली ही एक चांगली गोष्ट.

त्या क्षणी कोणी संगणकाची वायर ओढून, खोलीला टाळं लावून, काकांना उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेवलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

प्रश्न आला, नक्कल ठेवायची कुठे.

घरात एक पेनड्राइव्ह होता. परगावच्या लेकीने वाढदिवसाला पाठवलेला. काकांनी तो अजून वेष्टनातून काढला नव्हता. चांगली वस्तू, काहीतरी चांगलं काम निघेल तेव्हा काढू, असं म्हणून. आता काढावा की काय, असं मनात आलं आणि त्यांनी कपाटाला हात घातला, तेवढ्यात केमिस्ट औषधाची डिलिव्हरी देऊन परतताना डोकावला.

"पेनड्राइव्ह? नको काका! संसर्ग त्यानेच पसरतो. आजारी मशीनला लावलेली सुई दुसऱ्याला टोचाल का तुम्ही?"

"आमचे चिरंजीवसुद्धा आपला पेनड्राइव्ह कोणाला देत नाहीत," चिरंजीवकाकांनी दुजोरा दिला.

काकांनी पेनड्राइव्ह परत ठेवला. समोर ते स्वच्छ निळं पटांगण होतंच. त्याला डेस्कटॉप म्हणतात, म्हणजे टेबल, हे चिरंजीवकाकांनी मघाशी सांगितलं होतं. काकांच्या डोळ्यांसमोर दप्तरखान्यातलं आपलं टेबल आलं. काम अर्धवट राहिलं तर फाईल टेबलावर ठेवायची, खोलीला कुलूप लावायचं, किल्ली खिशात. सकाळी आलं की फाईल टेबलावर. असं आयुष्यभर झालं होतं. टेबलावर ठेवलेली फाईल रात्रीतून नाहीशी झाली, असं एकदाही घडलं नव्हतं. मग ते आजच कशाला घडेल?

त्यांनी एकेक आवाज उचलला आणि टेबलावर ठेवला. एक हिरवी पट्टी भरत जायची, पूर्ण झाली की नाहीशी व्हायची. संध्याकाळपर्यंत सगळं पटांगण भरून गेलं. मग काकांनी जे केलं, ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. त्यांनी नक्कल ताडली. प्रत्येक आवाजाची सुरुवात ऐकून, मुळातल्याची सुरुवात ऐकून, जुळलं की कागदावर खूण. चिरंजीवकाका कंटाळून वर गेले. बाईंनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. काका थांबले नाहीत. सगळं जुळलं. एकही कमी नाही. त्यांनी संगणक रीतसर बंद केला, तबकडी बाहेर आली, ती मऊ फडक्याने पुसून तिच्या पाकिटात घातली, आणि पाकीट कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार कानाला फोन लावूनच काम करायचा.

"पुसून नवं सगळं टाकावं लागेल," तो एकदा काकांना, एकदा फोनला बोलत होता. "डिस्क तशी चालेल. नाही रे, तुला नाही. काका, कॉपी घेतलीय ना आतल्याची?"

काका ताठ झाले. "मी दप्तरखान्यात होतो."

"बरं बरं. मग पुसतो."

"नुसतं वरवर नको," काका म्हणाले. केमिस्टचा संसर्ग त्यांच्या डोक्यात होता. "मुळापासून पुसा. कानाकोपऱ्यात काही राहता कामा नये."

"त्याला दिवसभर लागेल."

"लागू दे. आणि झाल्यावर एकदा परत पुसा."

दुकानदाराने एक कागद पुढे केला. काकांनी पेन काढून मूळ नष्ट करण्यास संमती दिली. सही नेहमीसारखी देखणी आली.

शनिवारी पेटी घरी आली. बाई पुढच्या खोलीत रंगीत कागदाचे पक्षी कापत बसल्या होत्या. काकांनी कपाट उघडलं, तबकडी काढली, आकड्याने कप्पा उघडला, आणि या वेळी बटण पहिल्याच फटक्यात बरोबर दाबलं. निळं आभाळ उगवलं.

आभाळात एकही पाखरू नव्हतं.

काकांनी तबकडी काढली, पुसली, परत घातली. परत निळं. परत रिकामं. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, जणू धूळ बसली असेल आणि पुसली की खालून आवाज दिसतील. मग ते जिना चढून वर गेले. चपला घालायचं राहिलं. चिरंजीवकाकांनी त्यांचा चेहरा बघितला आणि काही न विचारता मुलाला फोन लावून तो काकांच्या हातात दिला.

काकांनी सगळं सांगितलं. 

"काका," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "ती तबकडी काहीच लिहून घेत नाही. ते टेबल आहे ना, ते फक्त चालू असेपर्यंत असतं. बंद केलं की ती सगळं विसरते. प्रत्येक वेळी नव्याने जन्मते ती."

"पण मी ताडून बघितलं होतं," काका म्हणाले.

"हो काका. तेव्हा ते होतंच."

"मूळ पुसलंय मी. दोनदा."

पुढे मुलगा काय बोलला ते काकांना ऐकू आलं नाही. जिन्यावरून उतरताना त्यांनी बाईंना सांगायचं वाक्य तयार केलं. एक तयार केलं, खोडलं. दुसरं केलं, तेही खोडलं. खाली येऊन ते बाईंच्या समोर बसले आणि घसा साफ करून म्हणाले, "त्या ध्वनिमुद्रणांच्या संदर्भात..."

"संदर्भ नको," बाई कात्री चालवत म्हणाल्या. "काय झालं ते सांगा."

"गेलं."

कात्री थांबली. "किती?"

"सगळं."

बाईंनी हातातला पक्षी बघितला. एक पंख कापून झाला होता, दुसरा व्हायचा होता. त्यांनी तो नीट कापला, पिशवीत ठेवला आणि उठून वाळत घातलेले कपडे आणायला गेल्या. त्या ओरडल्या असत्या, भांडं आपटलं असतं, तुमच्या त्या दप्तरखान्याला आग लागो म्हणाल्या असत्या, तर काकांना आधार झाला असता.  नेहमी घड्या दोघे मिळून घालत. आज बाईंनी चादरीची दोन्ही टोकं एकट्यानेच धरली. हात पुरत नव्हते, चादर जमिनीला लागत होती, तरी काकांना हाक आली नाही.

सांत्वनाला गल्ली लोटली. केमिस्ट म्हणाला, "मी पेनड्राइव्ह नको म्हणालो होतो काका. टेबलावर ठेवा असं मी म्हणालो होतो का?" चिरंजीवकाका म्हणाले, "आमचे चिरंजीव म्हणतात, असं सहसा कोणी करत नाही."

"मी केलं," दप्तरीकाका म्हणाले.

रविवारी मुलं आली. खोलीत मावेनात. लहानपणच्या बुटक्या बाकड्यांवर मोठाली माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली. छताला कागदी पक्षी डोलत होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते मधोमध उभे राहिले.

"माझ्या हातून," ते म्हणाले, आणि खिशाचं पेन सरळ केलं. "माझ्या हातून तुमचं सगळं गेलं. नियमाप्रमाणे गेलं."

कोणीतरी हसलं; ही काकांची जुनी थट्टा असेल असं वाटून. मग बाईंचा चेहरा दिसला आणि हसू विरलं.

"तुम्ही चहा गाळा," बाई काकांना म्हणाल्या. काल कपडे आणायला उठल्यापासून त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. काका स्वयंपाकघरात गेले आणि गाळणी धरून उभे राहिले.

पुढच्या खोलीत बाईंनी पदर खोचला आणि एकेकाला उभं केलं. आपल्या पहिल्या ओळी त्यांना येत होत्याच, आणि मुलांच्या दुसऱ्याही पुष्कळशा आठवत होत्या. कुत्र्यांच्या डॉक्टरणीला तिचा मामा परत मिळाला. नदीवाल्याने स्वतःच "दुसरं काय नसतं" म्हणून टाळ्या घेतल्या. हसण्याचे फवारे उडत होते. गाळणीतून चहा ओसंडत होता तरी काकांना कळत नव्हतं. मनातून त्यांना थोडं बरं वाटायला लागलं होतं. वाटलं, म्हणजे सगळंच काही गेलं नाही.

मग एक उंच, रुंद खांद्यांचा माणूस उभा राहिला. शहराची बस चालवायचा. समोरचे दोन दात पडलेले असताना वर्ग सोडून गेला होता, म्हणून बाई त्याला शिट्टी म्हणत.

"झाडाच्या कानात सांगितलं कोणी?" बाई म्हणाल्या.

शिट्टी हसला. थांबला. "पुढे काय हो म्हणालो होतो मी?"

बाईंनी कपाळाला बोट लावलं. डोळे मिटले.  "थांब हं. होतं काहीतरी. अगदी... थांब." त्यांनी पुन्हा पहिली ओळ म्हटली. दुसरी आली नाही. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हाक मारली, "अहो! तुम्ही असायचात ना घरी, सुट्टीच्या दिवशी. हा पुढे काय म्हणाला होता?"

काका गाळणीसकट दारात आले. बाईंची पहिली ओळ त्यांना आठवत होती. नुसती तीच नव्हे. बाईंच्या सगळ्या पहिल्या ओळी, चालीसकट, त्यांना तोंडपाठ होत्या. आतल्या खोलीत पेपर वाचताना त्या कानावर पडत. बाईंची ओळ संपे, आणि आता पोरं किरकिर करणार म्हणून काका उठून मधलं दार लावून घेत. कॅसेटी उतरवताना आणि नकला ताडतानाही त्यांनी फक्त सुरुवातच ऐकली होती. ओळख पटायला तेवढी पुरे होती.

"मला..." काका बाईंना म्हणाले, "मला तुझीच ओळ तेवढी येते."

शिट्टीला ते दोघे तसे उभे असलेले बघवलं नाही. भला माणूस होता. त्याने क्षणभर डोकं खाजवलं आणि म्हणाला, "झाडाच्या कानात सांगितलं कोणी? वारा येऊन म्हणाला जुनीच गाणी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही गाळणी बगलेत धरून वाजवल्या. बाईंनी शिट्टीच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पण हे नव्हतं. तू काहीतरी चुकीचं म्हणाला होतास. यमकसुद्धा जुळलं नव्हतं."